मलिद्याचं ताट

(दृश्य: परातीत ओले पोहे, वरून पडणारा खोवलेला नारळ)

बातम्यांत लाटला जातो तो मलिदा वेगळा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांतला मलिदा गोड पोह्यांचा. नवस फेडताना, नव्या घरात शिरताना, लग्नाआधी तो होतोच. आणि थंडीत, शवात या हिब्रू महिन्याच्या पंधराव्या तिथीला, 'तू बिश्वात' या सणाला. हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात, आणि 'तू' हा आकडाच आहे: नऊ अधिक सहा. दहा अधिक पाच लिहिलं तर देवाच्या नावाची अक्षरं येतात, म्हणून पंधरा असा फोडून लिहितात.

हा झाडांचा वर्षारंभ. इस्राएलात पाऊस हिवाळ्यात पडतो. या सुमारास तो बराचसा पडून गेलेला असतो आणि झाडांत रस चढू लागतो. फळांचा दशमांश, म्हणजे धर्मासाठी काढायचा दहावा हिस्सा, कोणत्या वर्षाचा धरायचा, ते या तिथीवर ठरे. कोकणात मात्र हा एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषितांचा उरूस. ते अलिबागजवळच्या खंडाळ्याहून स्वर्गात गेले अशी श्रद्धा आहे. तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या नि घोड्यांच्या टापांच्या खुणा दाखवतात.

(दृश्य: चाळणीत निथळणारे पोहे)

अर्धा किलो पोहे घ्या, जाडेच. पातळ्यांचा लगदा होतो. चाळणीत दोनदा पाणी फिरवून पंधरा मिनिटं निथळत ठेवा. दाणा चिमटीत सहज दबला, पण बोटाला चिकटला नाही, की झालं. एका मोठ्या नारळाचा फक्त पांढरा चव; करवंटीपर्यंत खोवलं तर तपकिरी ठिपके येतात. दीडशे ग्रॅम साखर, चमचाभर वेलची, चिमूटभर मीठ, किंचित जायफळ, बेदाणे, बदाम-पिस्त्याचे काप. साखर अगदी शेवटी घाला. आधी घातली तर पाणी सुटतं, आणि सगळे प्रार्थनेला बसेपर्यंत परातीच्या तळाशी पाक जमतो. दूध-तूप नाही: मागाहून जेवणात मटण असलं तर मांसाबरोबर दूध चालत नाही.

(दृश्य: ताट रचणारे हात)

पोह्यांचा ढीग मध्ये, भोवती फळं, आणि सुवासासाठी गुलाब किंवा सब्जा. हे ताट शोभेसाठी भरलेलं नाही. खाण्याआधी देवाचे आभार मानणारा आशीर्वाद म्हणतात; प्रत्येक वस्तूचा तो निराळा, आणि त्या हिशेबानं फळं निवडलेली असतात. पोह्यांवर 'मझोनोत', धान्याच्या पदार्थांचा. खजूर, सफरचंद, डाळिंब झाडाचे, त्यांना 'हाएत्स'. सुगंधाला त्याचा स्वतःचा. खजूर आधी उभा चिरून पाहा. आत कीड असली तर तो बाद.

चूक होते ती केळ्याशी. केळीचं खोड लाकडाचं नाही, घड दिला की ते मरतं. म्हणून धर्मशास्त्रात केळं झाडाचं फळ नाही, जमिनीचं: 'हाअदामा'. अननसही तसाच. इथे मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथातला नियम मजेदार आहे. झाडाच्या फळावर चुकून 'हाअदामा' म्हटलं तरी चालून जातं, कारण झाडही जमिनीतच उभं असतं. केळ्यावर 'हाएत्स' म्हटलं तर मात्र आशीर्वाद लागू होत नाही, पुन्हा म्हणावा लागतो.

आशीर्वाद आणि पहिला घास यांमध्ये बोलायचं नाही. "मीठ कमी पडलं" हेसुद्धा घास गिळल्यावर.

(दृश्य: 'एलियाहू हन्नाबी' गाताना पुढे सरकणारं ताट)

उरलेला मलिदा रात्रीच वाटून टाकतात. ओल्या नारळाचा, सकाळपर्यंत आंबतो.