तिकडचे दाणे

सकाळचे सहा वाजलेत. सदाशिव पेठेतली ही एक अभ्यासिका, एवढ्या लवकरही एक खुर्ची रिकामी नाही, टेबलाटेबलावर नकाशे, चालू घडामोडींचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या. खिडकीजवळ बसलाय तो बीडकडचा, बावीस वर्षांचा, राज्यसेवेची तयारी करतोय. चेहरा दाखवायचा नाही असं त्याच्याशी ठरलंय, त्यामुळे तुम्हाला त्याचे हातच दिसतील. तीन महिने हा पोरगा पुस्तक उघडं ठेवून खाली मोबाईलमध्ये एकच गोष्ट शोधत होता, की शिश्नाच्या टोकाभोवती कडेकडेनं बारीक दाणे आलेत, दुखत नाहीत, खाजत नाहीत, पण जातही नाहीत, तर हे नेमकं काय आहे.

घरी सांगायची सोय नाही. रूमवर विषय काढला तर चिडवतील. मग माणूस कुठं बघतो? ही भिंत बघा. गुप्तरोग, शीघ्रपतन, शर्तिया इलाज, खाली मोबाईल नंबर. असल्या आजारांवर औषधाच्या जाहिराती करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी पोस्टरवर पोस्टर चिकटतंय, डिंक अजून ओला आहे बघा.

त्यानं त्या नंबरवर फोन केला नाही, हे बरं झालं. तो मेडिकलमध्ये गेला आणि म्हणाला, खाजेची ट्यूब द्या. खाज नव्हतीच, पण दुसरा शब्द तोंडातून निघेना. ही ती ट्यूब, शेपटीपासून नीट गुंडाळत आणलेली, निम्म्याच्या वर संपलेली. बारीक अक्षरं वाचा, क्लोबेटासोल. हे जोरदार स्टिरॉइड आहे, शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, आणि काउंटरवर ते साबणासारखं मिळतं. वृषणाच्या पिशवीची कातडी इतकी पातळ असते की हाताच्या कातडीपेक्षा साधारण ४२ पट स्टिरॉइड ती आत ओढून घेते. महिनाभरात जांघ लाल झाली, जळायला लागली, कातडी पातळ पडली. दाणे होते तसेच.

आता आपण डॉक्टरांच्या खोलीत आलोय. स्किनचे डॉक्टर, बोर्डावर त्वचा आणि गुप्तरोग असं दोन्ही लिहिलेलं असतं, त्या दुसऱ्या शब्दामुळेच कितीतरी जण दारातून परत फिरतात असं ते सांगतात. पेशंटवर अर्थातच आम्ही कॅमेरा लावला नाही. पण तपासणी कशी होते ते त्यांनी दाखवलं, आणि ते बघण्यासारखं आहे. हे डर्मोस्कोप, मुठीत मावेल एवढं भिंग, आत दिव्यांची गोल कडी. कातडीला टेकवलं की डोळ्याला नुसता ठिपका दिसतो त्याची आतली ठेवण दिसते. त्यांनी ते आमच्या कॅमेरामनच्या वरच्या ओठावर टेकवलं आणि स्क्रीनवर बघा, पिवळसर पांढरे कण, रव्यासारखे, कातडीच्या आत बसलेले. त्याला आजपर्यंत पत्ताच नव्हता. याला फॉर्डाइस स्पॉट म्हणतात, फॉर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञानं १८९६ मध्ये यांचं वर्णन केलं. तेलाच्या ग्रंथी आहेत त्या, फक्त केसाशिवाय असतात म्हणून दिसतात. ओठावर असतात तशाच शिश्नाच्या कातडीवर आणि वृषणाच्या पिशवीवर असतात, कातडी ताणली की जास्त उठून दिसतात. ओठावरच्याला कुणी घाबरत नाही, तिकडच्यांनी मात्र झोप उडते.

आणि या पोराचे दाणे वेगळे. डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीमागं पेनानं काढून दाखवले, हे टोक, ही त्याची कड, आणि कडेवर एकाला एक लागून ठिपके, एक ओळ, मागं अर्धी ओळ. पर्ली पेनाइल पॅप्यूल्स. मिलिमीटर दोन मिलिमीटरचे, सगळे एका मापाचे, भिंगाखाली द्राक्षाच्या घडासारखे, आणि प्रत्येक दाण्यात स्वतःची बारीक रक्तवाहिनी. वयात येताना उगवतात, वय वाढेल तसे फिकट होत जातात. संबंधातून येत नाहीत, हस्तमैथुनातून येत नाहीत, आंघोळ कमी केल्यानं तर नाहीच नाही, कुणाला लागतही नाहीत. तो म्हणाला, सर, मग औषध? डॉक्टर म्हणाले, नाकाला औषध लावतोस का रे? तसंच हे.

दाढीच्या ब्लेडनं केस काढल्यावर येणारी पुळी, आत वळलेला केस, चाळिशीनंतर वृषणाच्या पिशवीवर दिसणारे लाल जांभळे ठिपके, हेही बहुतेक साधेच असतात. फोडू नका, नखानं कुरतडू नका, चुना टूथपेस्ट काहीही लावू नका. लाल ठिपक्यातून रक्त आलं तर दाखवून घ्या.

दाखवायचं कधी, हे डॉक्टर बोटांवर मोजत सांगतात, आम्ही मध्ये कट केलेलं नाही. जखम झाली असेल, मग ती दुखत नसली तरी, कारण सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, माणसाला वाटतं बरं झालं, आजार आत राहतो, रक्ततपासणीत सापडतो आणि पेनिसिलिननं बरा होतो. पाण्याचे फोड घोळक्यानं येऊन आग होत असेल तर. दाण्याच्या मधोमध खळगी असेल तर. खरखरीत कोबीच्या फुलासारखं काही वाढत असेल, आज दोन उद्या सहा, तर ते कोंब आहेत, चामखिळीसारखे, एचपीव्ही विषाणूचे. पू येत असेल, पुढची कातडी मागे जात नसेल किंवा तिथं वारंवार चिरा पडत असतील तर साखरही तपासा. वृषणातच कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात. आणि पन्नाशीच्या पुढं न भरणारी जखम असेल तर ट्यूब नाही, जखमेचा बारीक तुकडा काढून तपासायचा.

कोंबांवरून एक सांगायचं राहील. त्या एचपीव्हीची लस आपल्याच पुण्यात, सिरमनं बनवलीय, सर्वाव्हॅक, ९ ते २६ वर्षांच्या मुलामुली दोघांनाही घेता येते, आणि मुलग्यांनाही चालते हे पालकांना अजून माहीतच नाही.

पैशाची अडचण असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढा, गुप्तरोगांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध फुकट असतं, नाव बाहेर जात नाही. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, एचआयव्हीच्या माहितीची मोफत सरकारी हेल्पलाइन.

हा त्या दिवशीचा केसपेपर. औषधाच्या जागी आधी दोन ओळी आहेत, दाणे नॉर्मल, ट्यूब बंद. त्याखाली, जांघेसाठी सौम्य मलम आणि पंधरा दिवसांनी परत या.

पुढच्या आठवड्यात त्याच अभ्यासिकेतले आणखी दोघं गेले. एकाला असेच दाणे. दुसऱ्याला रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यात, खाली गाठी, ती खरूज निघाली. डॉक्टरांनी सांगितलं तसं रूममधल्या चौघांनी एकाच रात्री मानेपासून पायापर्यंत औषध लावलं, कपडे गरम पाण्यातून काढले, गाद्या चादरी वर नेल्या. गच्चीवरचा हा शॉट दुसऱ्या दिवशी सकाळचा.