आप्त म्हणजे कोण?

मंडळी, डोळे आणि कान यांच्यात चार बोटांचं अंतर असतं, हे आपण सगळे ऐकत आलो. आता संगणक कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज हुबेहूब बनवतो. ती चार बोटंही गेली, अशी हळहळ रोज कानावर येते.

पण ती होती कधी? 1917 साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात नात्यातल्या दोन बहिणींनी पऱ्यांचे फोटो काढले. थोरली 16 वर्षांची, धाकटी बरीच लहान. ते खरे मानून 1920 मध्ये मासिकात लेख कुणी लिहिला? शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी! परलोकविद्येवर त्यांची गाढ श्रद्धा होती. परी आधी मनात होती, फोटो निमित्तमात्र. कागदाच्या पऱ्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, ही कबुली यायला 1983 उजाडलं. तरी धाकटी म्हणतच राहिली, की शेवटचा फोटो मात्र खरा आहे. मला ती बाई फार आवडते.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, प्रमाणं, म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणाऱ्या चार्वाकांना हे शब्दप्रमाण मान्य नव्हतं. पण आपली जन्मतारीखसुद्धा आपण दुसऱ्याच्याच तोंडून ऐकलेली असते, त्याचं काय करायचं? तेव्हा प्रश्न उरतो तो आप्त कोण, हा. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाचं उत्तर असं: ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ.

मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक झाले. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण फसतो ते इथेच. पाठवणाऱ्याची माया खरी असते, म्हणून आपण मजकूरही खरा धरतो. त्याला ते स्वतः ठाऊक आहे का, हे विचारायचं राहून जातं. विचारलं तर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं ना!

मी एकदा धीर केला. काकूने एका घरगुती उपायाचा संदेश पाठवला होता. तिला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "काकू, हे तुला सांगितलं कुणी?"

ती म्हणाली, "अरे, गेल्या वर्षी तूच नाही का पाठवलंस?"