परसातल्या भोपळ्यातले पाहुणे

नमस्कार श्रोतेहो.

अंड्याची भुर्जी. पण तिच्यात कांदा नाही, मिरची नाही, मीठसुद्धा नाही. नुसती अंडी तव्यावर घोटायची, निवू द्यायची आणि वाटाण्याएवढे तुकडे करायचे. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं, वीज गेली, नळ गोठले, तेव्हा ह्यूस्टनजवळच्या आमच्या घरात गॅसवर मी ही भुर्जी केली होती. खाणारे अंगणात होते. खांबाला टांगलेल्या भोपळ्यांत तीन पक्षी अंग फुगवून बसले होते. त्यांचं नाव पर्पल मार्टिन.

हा पक्षी फक्त उडते किडे खातो, तेही उडता उडता. थंडीत किडे उडेनासे झाले की त्याची उपासमार सुरू होते. जमिनीवर ठेवलेलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या चमच्यात एकेक तुकडा घेऊन तो त्यांच्या समोरून हवेत उडवायचा. पहिल्या दिवशी मी शंभरेक तुकडे उडवले असतील, सगळे बर्फात पडले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका नराने झेप घेतली आणि तुकडा हवेतच टिपला. त्याचं पाहून मादीने टिपला. तिसरा पक्षी मात्र भोपळ्यातून बाहेर आलाच नाही. बर्फ वितळल्यावर मी त्याला हातात घेतलं, तेव्हा वजन जाणवलंच नाही. निरोगी मार्टिन जेमतेम ५० ग्रॅमचा असतो, हा त्याहून कितीतरी हलका झाला होता.

आपल्या भिंगरीच्या कुळातला हा पक्षी. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये सगळ्यांत मोठा. सावलीत बसलेला नर निव्वळ काळा दिसतो, पण त्याने उन्हात मान वळवली की अंगावर पिकल्या जांभळाची तकाकी येते. मादी पोटाकडून राखाडी असते. आवाज म्हणाल तर गळ्यातल्या गळ्यात पाणी खुळखुळवल्यासारखा. हिवाळा तो दक्षिण अमेरिकेत काढतो, बरेचसे ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. पेनसिल्व्हेनियातल्या काही मार्टिनांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी चिमुकली नोंदयंत्रं बांधली होती. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातली एक मादी ब्राझीलहून अवघ्या १३ दिवसांत आपल्या गावी परतली होती. एवढा प्रवास करून ती येते आणि शोधते काय, तर माणसाने टांगलेलं घर.

हे मला कळलं तेव्हा मी थक्क झाले. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचे जवळजवळ सगळे मार्टिन आता माणसाने दिलेल्या घरांतच अंडी घालतात. पूर्वी ते सुतारपक्ष्यांनी पोखरलेल्या झाडांच्या ढोलीत राहायचे. गोरे लोक यायच्या आधीपासून चोक्टॉ आणि चिकासॉ या मूळ रहिवाशांनी त्यांच्यासाठी वाळके भोपळे टांगायला सुरुवात केली. आणि श्रोतेहो, तो भोपळा म्हणजे आपला दुधीच, तीच जात! वेलावरच जून होऊ दिलेला, वाळवून पोकळ केलेला. वीणेचा भोपळा पाहिलेल्या मराठी माणसाला तो परका वाटूच शकत नाही.

पुढे डास मारणारा पक्षी म्हणूनही त्याची ख्याती झाली. १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्जव्हिल गावातून ॲल्युमिनियमची मार्टिनघरं देशभर विकली गेली. एक पक्षी दिवसाला २,००० डास खातो, असा प्रचार झाला. तो खरा नाही. डास संध्याकाळी खालून उडतात, मार्टिन दिवसा उंचावर शिकार करतो. चतुर, भुंगेरे, आगमुंग्यांच्या उडत्या राण्या हे त्याचं खाणं. डासांसाठी कुणी घर टांगणार असेल, तर त्याने टांगू नये असं मी स्पष्ट सांगते. कारण घर टांगलं की त्याच्याकडे बघावं लागतं.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली. आमच्या ओकच्या झाडाखाली छान सावलीत मी घर लावलं. एकही मार्टिन फिरकला नाही. त्याला मोकळं आकाश लागतं. घर बारा-पंधरा फूट उंच हवं आणि झाडांपासून निदान चाळीस फूट लांब, पण माणसाच्या वावराजवळ. कारण माणूस जवळ असला की ससाणे, घुबडं जरा बिचकतात.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या गावच्या घरात देवांच्या तसबिरीमागे चिमण्या घरटं करायच्या. काड्यांचा कचरा पडायचा, तरी आई हात लावू द्यायची नाही. चिमण्या कमी झाल्याचं दुःख मलाही आहे. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारातून सुरू झाला, याचा मला अभिमान आहे. पण अमेरिकेत चिमणी परकी आहे. १८५०च्या सुमारास ती ब्रुकलिनमध्ये आणून सोडली गेली. आपल्या साळुंकीचा भाऊबंद असलेला स्टार्लिंग १८९०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडला गेला. दोघंही मार्टिनचं घर बळकावतात. चार नंबरच्या भोपळ्यात पाच पांढरी अंडी होती. एका सकाळी पाचही चोचीने फोडलेली मिळाली, वर चिमणीच्या काड्या रचलेल्या. स्टार्लिंगसाठी उपाय आहे. दार चंद्रकोरीच्या आकाराचं, जेमतेम तीन सेंटीमीटर उंच केलं की तो सहसा आत शिरू शकत नाही. चिमणी मात्र शिरते. तिचं घरटं अंडी घालायच्या आतच मी काढून टाकते. दर वेळी आई आठवते. तरी काढते.

आठवड्यातून एकदा खांबाचा दांडा रहाटासारखा फिरवून सगळे भोपळे खाली घ्यायचे. आपला हात लागला की पक्षी पिल्लं टाकतो, ही समजूत चुकीची आहे. मागचं झाकण फिरवून उघडलं की आत काटक्या, चिखलाचा उंबरा आणि अंड्यांभोवती मादीने ताजी खुडून आणलेली हिरवी पानं दिसतात. साधारण सोळा दिवसांनी पिल्लं निघतात, गुलाबी, उघडी, डोळे मिटलेली. महिन्याभरात तीच दारातून डोकं काढून ओरडायला लागतात. आई-बाप आख्खा चतुर पंखांसकट आणून त्यांच्या घशात कोंबतात.

आणि जुलैत एक दिवस सगळे जातात. लगेच ब्राझीलला नाही, आधी हजारोंच्या मुक्कामाला. आमच्या इथे स्टॅफर्ड गावात एका दुकानसंकुलाच्या पार्किंगमधल्या झाडांवर ते उतरतात. लोक खुर्च्या घेऊन येतात. सूर्य मावळताना आधी चार-दोन ठिपके दिसतात, मग सगळं आकाश हलायला लागतं, आणि अंधार पडता पडता झाडं भरून जातात. कलकलाट इतका, की शेजारच्याशी बोलताना ओरडावं लागतं. त्यात आपला सात नंबरचा कोणता हे ओळखायची सोय नसते. तरी मी दरवर्षी मान वर करून शोधते.

घरी आल्यावर भोपळे उतरवते. मागच्या जुलैत सात नंबरच्या तळाशी वाळकी पानं होती आणि चतुराचा एक अख्खा पंख. तो मी वहीत ठेवला आहे.