ठोका दिसला पाहिजे

[दृश्य: काळा पडदा. तांब्यावर पडणाऱ्या हातोडीचा आवाज. मग हळूहळू एक बोळ उजळतो.]

पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. ठक, ठक, ठक. कुणी बंबाचा पत्रा ठोकतोय, कुणी घागर. पेशवाईत येऊन वसलेल्या तांबटांची ही वस्ती. आता हातोड्या कमी झाल्यात, पण आवाज अजून आहे.

मी इथं फोटो काढायला येतो. ते बघितले जातात मोबाईलवर, त्यामुळे फाइल लहान ठेवावीच लागते. पहिला फोटो इथल्याच एका काकांना पाठवला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, फोन नाकाशी धरला आणि म्हणाले, "मठारकाम कुठं गेलं? हे तर मशिनचं भांडं दिसतंय."

[दृश्य: तोच फोटो. घागरीच्या पोटावर नुसता तपकिरी, गुळगुळीत पट्टा.]

खरंच होतं ते. मठारणं म्हणजे काही नुसती नक्षी नव्हे. ठोकून ठोकून तांब्याचा पत्रा कडक होतो, म्हणून भांडं सहजी चेपत नाही. प्रत्येक ठोक्याची एक छोटी चकती उमटते आणि तिच्यात उजेडाचा एक ठिपका बसतो. मूळ फोटोत हे सगळे ठिपके होते. लहान फाइलनं ते गिळले.

गिळले कसे? फोटोची फाइल लहान करणारी, १९९२ साली प्रमाण ठरलेली जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते. १६०० बाय १०६७ पिक्सेलच्या फोटोत असे २६ हजारांहून जास्त चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात उजेड किती भराभर बदलतोय, ते ती मोजते. संथ बदल जपते, भराभर होणारा बदल ढोबळ करते, कित्येकदा सरळ शून्यच. भिंतीवर उतरत गेलेली सावली हा संथ बदल. विटांच्या सांध्यातला चुना, कडीपाटाच्या फटी, तांब्यावरचे ठोके हे सगळे भराभर होणारे बदल. म्हणजे ज्यासाठी या आळीत यायचं, नेमकी त्याच्यावरच आधी कात्री.

यामागचं गणित बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी ते १९७४ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी, १९७२ मध्ये, त्यांनी या कामासाठी अमेरिकेत अनुदान मागितलं होतं. ते नाकारलं गेलं. आज सकाळी सकाळी तुमच्या फोनवर आलेला शुभ प्रभातचा गुलाब बहुधा याच गणितावर फुललाय!

[दृश्य: संगणकाचा पडदा. दर्जाची पट्टी १०० कडे सरकते.]

मी आधी सोपा मार्ग धरला. दर्जाचा आकडा १०० केला आणि फाइल फुगून बसली. हा आकडा टक्केवारी नसतो, प्रत्येक सॉफ्टवेअरची पट्टी वेगळी, हे नंतर कळलं. पट्टी पुढंमागं सरकवण्यात बऱ्याच संध्याकाळी गेल्या. चूक तिथं नव्हतीच. चूक बोळात झाली होती.

[दृश्य: दुपारचा बोळ. अर्धी भिंत पांढरीफटक, ओसरी काळीकुट्ट.]

बोळात ऊन उतरतं ते असं, थोडा वेळ आणि धड फोटो न काढू देणारं. म्हणून मी सावलीतच काढायचो, हातात कॅमेरा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००. त्यानं फोटोभर बारीक रवा सांडतो, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो. फोनच्या पडद्यावर तो आपल्याला जाणवतही नाही. पण जेपेगच्या लेखी रवा काय आणि ठोका काय, दोन्ही भराभर होणारे बदल. जेवण मोजक्या पानांचं, त्यात आगंतुकांची पंगत आधी बसली. घरच्यांसाठी काय उरणार?

[दृश्य: दिंडी दरवाजाच्या चौकटीला टेकवलेला कॅमेरा. शेजारून स्कूटर जाते.]

आता आयएसओ १००. ट्रायपॉड इथं उभा राहत नाही, स्कूटरवाले राहू देत नाहीत. मग कॅमेरा चौकटीला टेकवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा. घागर ठोक्यासरशी हलते, तेव्हा चहाची सुट्टी गाठायची. शिवाय कॅमेरा सरळच धरायचा. वर तिरका धरून भिंती नंतर उभ्या केल्या, की माडीकडचे पिक्सेल ताणले जातात आणि सज्ज्याचं कोरीवकाम वापरलेल्या साबणासारखं दिसायला लागतं.

घरी आल्यावर काम थोडंच. मूळ ६००० पिक्सेल रुंद फाइल एका दमात १६०० वर आणायची. धार (शार्पनिंग) लावायची ती त्यानंतर, आणि चिमूटभर. जास्त झाली की कडांना पांढरी किनार येते, आणि ती किनारही जागा खाते.

राहता राहिला रंग. लहान फाइल करताना जेपेग बहुतेक वेळा रंगाचा तपशील लांबीत आणि रुंदीत निम्मा करते. चुन्याच्या भिंतीला ते चालून जातं. पण निळ्या ताडपत्रीसमोर लालसर तांबं ठेवा, त्याची कड पसरलेली दिसेल. अशा वेळी रंग पूर्ण ठेवणारा ४:४:४ हा पर्याय निवडायचा. वेबपी या दुसऱ्या फाइल-पद्धतीच्या तपशील गाळणाऱ्या प्रकारात ती सोयच नाही, म्हणून तांब्यापुरतं माझं जुनं जेपेगच बरं. दर्जा ८२, फाइल साधारण साडेतीनशे केबी.

[दृश्य: काकांच्या हातात फोन. दोन बोटांनी फोटो मोठा होतो.]

हा नवा फोटो काकांनी बराच वेळ पाहिला. खालच्या रांगेवर बोट ठेवलं.

"ही रांग माझी नाही. धाकट्याची आहे. डावखुरा आहे तो, बघ ना, ठोके उलटे कललेत."

[दृश्य: फोन बाजूला ठेवला जातो. हातोडी उचलली जाते. ठक, ठक.]