बास फिशिंग: लुअरचा रंग सगळ्यात शेवटी बघा

(समोर उघडा डबा, मागे पाणी)

हा डबा बघा. माझ्या पहिल्या वर्षाचा. यात 63 लुअर, म्हणजे खोटी आमिषं आहेत, काल रात्री मोजले. त्यातले निम्मे तरी एकदाच पाणी प्यायलेत. आणि हे पाच... हे सारखेच आहेत हो, फक्त रंग वेगवेगळे. तेव्हा मला वाटायचं, मासा रंग बघून येतो. पाच कास्ट टाकायचे, म्हणजे पाचदा लुअर पाण्यात फेकायचा, काही लागलं नाही की लुअर बदलायचा. दिवसभर मी मासे कमी पकडले आणि गाठी जास्त मारल्या.

नमस्कार मंडळी. मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "बाससाठी चांगला लुअर कोणता?" याचं उत्तर मी देत नाही. मी उलटं विचारतो: मासा आत्ता किती खोलीवर आहे? आणि खाण्यामागे पळायची त्याची किती तयारी आहे? ही दोन उत्तरं मिळाली की डब्यातले 55 लुअर आपोआप बाद होतात. उरलेल्या सात-आठांतून कुठलाही काढा, फारसं बिघडत नाही.

आधी मासा. आपण बोलतोय लार्जमाउथ बासबद्दल. नावात बास असलं तरी हा सनफिशच्या कुळातला. ओळखायची खूण जबड्यात: तोंड मिटलेलं असताना वरचा जबडा डोळ्याच्या मागे जातो. त्याच्या भावाचा, स्मॉलमाउथ बासचा, डोळ्यापर्यंतच थांबतो. हा मासा दबा धरून बसतो. बुडालेला ओंडका, धक्क्याचा खांब, कमळाच्या पानांची सावली, अशा कशाच्या तरी आडोशाला. भक्ष्य जवळ आलं की तोंड एकदम एवढं मोठं उघडतो की समोरचं पाणीच आत ओढलं जातं, त्याबरोबर खाणंही. पाणी कल्ल्यातून बाहेर, खाणं पोटात. आणि तोंडात आलेली वस्तू खोटी वाटली तर तितक्याच चटकन थुंकतो. हे लक्षात ठेवा, पुढे वर्मबद्दल, म्हणजे प्लास्टिकच्या गांडुळाबद्दल बोलताना लागेल.

आता तापमान. माशाचं रक्त थंड, म्हणजे पाणी जितकं गार तितकं त्याचं शरीर गार. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्याचं पचन मंदावलेलं असतं, भूकही बेताची. तो लुअरमागे दहा फूट पळणार नाही. नाकासमोर येऊन थांबलं तर विचार करेल. तेच पाणी 20 च्या वर गेलं की तो पाठलाग करतो. मधल्या काळात, साधारण 15-16 अंशांपासून पुढे, नर उथळ पाण्यात तळ साफ करून घरटं करतो आणि अंडी राखत बसतो. काही ठिकाणी या काळात मासेमारी बंद असते किंवा पकडला तर लगेच सोडावा लागतो. तुमच्या पाण्याचा नियम आधी वाचा, मग गळ टाका. म्हणून माझ्या पिशवीत पहिली वस्तू थर्मामीटर आहे. लुअरपेक्षा स्वस्त आणि लुअरपेक्षा जास्त बोलतो.

उन्हाळ्यात एक गंमत होते. खोल तळ्याचं पाणी थरांत वाटलं जातं. वर कोमट, खाली गार, आणि मध्ये एक पट्टा जिथे तापमान झपकन उतरतं. त्या पट्ट्याखालच्या पाण्याला वरची हवा मिळत नाही. तळाचा पालापाचोळा कुजताना तिथला प्राणवायू संपवतो. म्हणून "ऊन फार आहे, मासा पार तळाला गेला असेल" हे गणित फसतं. गार असलं तरी तिथे श्वास घेता येत नाही. बास त्या पट्ट्याच्या वर राहतो, जिथे एखादा उंचवटा किंवा झुडूप त्या खोलीला येऊन भिडतं तिथे.

बरं, खोली कळली. मग हत्यार.

(क्रँकबेट हातात)

हा क्रँकबेट. याच्या तोंडाला ही प्लास्टिकची जीभ असते ना, सगळी कथा तिच्यात आहे. जीभ लांब आणि शरीराच्या रेषेत सरळ पुढे आलेली असेल तर लुअर खोल जातो. आखूड आणि खाली वळलेली असेल तर उथळ चालतो. लाईन जाड बांधली की पाण्याचा अडथळा वाढतो आणि तोच लुअर कमी खोल जातो. खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या लाईनने, तुमच्या कास्टने तो किती जातो हे स्वतः बघा. आणि नवखे लोक करतात ती चूक: क्रँकबेट मोकळ्या पाण्यात नुसता ओढत राहतात. तो कशाला तरी आपटला पाहिजे! दगडाला, ओंडक्याला. आपटून तो बाजूला उसळतो, त्या क्षणी मागे फिरणारा बास झडप घालतो. चौकोनी जिभेचे क्रँकबेट याच कामाचे, फांद्यांवरून उड्या मारत येतात. टेनेसीच्या फ्रेड यंगने बाल्सा लाकडातून कोरलेला बिग ओ हा या गुबगुबीत पिढीचा आजोबा.

गार पाण्यात हे नाही चालणार. तिथे जर्कबेट, म्हणजे बारीक, लांबुडका, आणि ओढणं थांबवलं की पाण्यात जागेवर तरंगत राहणारा. दोन झटके, थांबा. किती थांबायचं? पाणी 8 अंश असेल तर दहापर्यंत मोजा. मग अजून पाच. मला माहितीये, हात शिवशिवतात. माझेही. पण मासा त्या थांबण्यातच घेतो.

आता ज्यासाठी मी खरं तर आज कॅमेरा लावला, तो प्लास्टिकचा वर्म.

(मऊ वर्म, गोळीच्या आकाराचं वजन आणि गळ टेबलावर)

1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसाने मऊ प्लास्टिकचा गांडूळ ओतून बनवला. तेव्हापासून आजपर्यंत बासला याच्याइतकं फसवणारं दुसरं काही आलं नाही, हे माझं मत. भांडायचं असेल तर कमेंटमध्ये भांडा.

टेक्सस रिग, म्हणजे वजन, गळ आणि वर्मची ही जुळणी, कशी बांधायची ते नीट बघा. आधी लाईनमध्ये हे गोळीसारखं वजन ओवायचं, टोकदार बाजू रॉडकडे. मग गळ बांधायचा, पालोमार गाठीने: लाईन दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून, साधी गाठ, आणि तो फास गळावरून उलटा काढायचा. ओढण्याआधी थुंकी लावून ओली करा, नाहीतर घर्षणाने लाईन जळते. आता गळाचं टोक वर्मच्या नाकात सरळ घाला, अर्धा सेंटिमीटर, आणि बाजूने बाहेर काढा. गळ पुरा ओढून घ्या, डोळा नाकात लपेपर्यंत. गळ फिरवा. आता वर्म शेजारी लटकवून बघा की गळाची वळणाची जागा कुठे येते, तिथेच टोक खुपसा. वर्म सरळ लोंबला पाहिजे. जरा जरी वाकला, तरी पाण्यात भिंगरीसारखा फिरेल आणि लाईनला पीळ बसेल. टोक प्लास्टिकच्या कातडीत किंचित लपवा. झालं. आता हा फांद्यांत, गवतात, कुठेही घाला, अडकणार नाही. म्हणजे कमी अडकेल.

वजन किती? तळ हाताला कळेल इतकं, त्याहून एक ग्रॅमही जास्त नको. मी बहुतेक वेळा 5 किंवा 7 ग्रॅम वापरतो. वारा किंवा दाट गवत असेल तर 10 च्या पुढे. टंगस्टन महाग पडतं, पण शिशापेक्षा खूप दाट असल्याने तेवढंच वजन छोटं होतं आणि दगड-चिखलातला फरक बोटाला कळतो. शिवाय काही ठिकाणी शिशाच्या छोट्या वजनांवर बंदी आहे, कारण पाणपक्षी ती गिळून मरतात.

आणि आता वापरायचं कसं. कास्ट टाका, वर्म पाण्यात पडला की लाईन ताठ धरू नका. ताठ धरली तर तो झोक्यासारखा तुमच्याकडे येतो, सरळ खाली जात नाही. थोडी ढिली ठेवा, आणि मनात मोजा. एक, दोन, तीन... समजा सातला तळ लागला. पुढच्या कास्टला तिथेच टाकलात आणि चारला लाईन पडायची थांबली. खाली जमीन वर आलेली नाही, मासा घेऊन बसलाय! बहुतेक बास वर्म पडतानाच घेतात, आणि ते हाताला कळतंच असं नाही. डोळ्याला कळतं. लाईन किंचित उडते, किंवा बाजूला सरकायला लागते, किंवा वेळेआधी थांबते. मघाशी सांगितलं, थुंकायला त्याला वेळ लागत नाही. म्हणून "नक्की आहे का?" असं विचारत बसू नका. ढील गोळा करा आणि हिसका द्या. ओंडक्याला दहा हिसके फुकट गेले तरी चालतील.

तळ लागला की रॉडचं टोक हळूच वर, वर्म एक वीत उचलला जाईल, मग परत पडू द्या. ओढायचं काम रॉडने, रील फक्त ढील गोळा करायला. सुरुवातीला सगळेच रील फिरवत सुटतात.

वर्मचे भाऊबंद पटकन सांगतो. जाड, मिठाने जड केलेली काडी मधोमध गळाला लावली की वॅकी रिग. पडताना दोन्ही टोकं थरथरतात, तुम्हाला काहीच करायचं नाही. धक्क्याच्या खांबाशी टाका आणि गप्प बसा. ड्रॉप शॉटमध्ये वजन खाली, गळ वर वीतभर ते हातभर. वजन तळाला टेकलेलं, आमिष माशाच्या डोळ्यासमोर. नितळ, खोल पाण्यात आणि कंटाळलेल्या माशाला हे बरं. आणि दाट पानांच्या चादरीवर पोकळ बेडूक, जाड वेणीच्या लाईनवर. 50 पौंड ताण सोसणाऱ्या लाईनहून कमी नको, मासा गवताच्या गठ्ठ्यासकट ओढायचा असतो. एकच अट: पाणी फुटलं की लगेच हिसका द्यायचा नाही. वजन हाताला लागेपर्यंत थांबायचं. मी आजही तीनातल्या एका वेळेस घाई करतो आणि रिकामा बेडूक माझ्या टोपीवर येतो.

लाईनबद्दल एवढंच: वर्म आणि क्रँकबेटला फ्लोरोकार्बन, कारण ती बुडते आणि पाण्यात कमी दिसते. बेडकाला वेणीची, कारण ती तरंगते आणि ताणली जात नाही.

आता रंग. सांगतो, सांगतो. 2019 मध्ये इलिनॉयच्या संशोधकांनी लार्जमाउथ बासला रंग ओळखायला शिकवून पाहिलं. त्याच्या डोळ्यात रंगाच्या दोनच प्रकारच्या पेशी, एक लाल टोकाची, एक हिरव्याची. लाल आणि हिरवा त्याने चांगला ओळखला. पण झगझगीत पिवळसर-हिरवा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ झाला, आणि निळा-काळा यांतही. म्हणजे माझ्या डब्यातला हा पिवळा आणि हा पांढरा त्याच्या लेखी जवळपास एकच. मी दोघांचे पैसे भरले! हल्ली मी वर्मचे दोनच रंग ठेवतो. नितळ पाण्यात भोपळ्याच्या सालीसारखा हिरवट-तपकिरी, गढूळ पाण्यात काळा-निळा, कारण तिथे रंग दिसतच नाही, सावली दिसते. फार गढूळ असेल तर आवाज आणि थरथर. माशाच्या अंगावरच्या रेषेला पाण्यातली हालचाल कळते.

जगातला विक्रमी लार्जमाउथ 2 जून 1932 ला जॉर्जियात जॉर्ज पेरीने पकडला, 22 पौंड 4 औंस, म्हणजे 10 किलोच्या किंचित वर. मग 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने एका औंसाहून कमी फरकाने जड मासा काढला, पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी धरली. कुरिताच्या गळाला लुअर नव्हताच, जिवंत ब्लूगिल मासा होता. आणि पेरीकडे त्या दिवशी, असं सांगतात, जोडीदारासोबत मिळून एकच लुअर होता. माझ्याकडे 63.

मासा लागला तर हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा चिकट थर निघत नाही. मोठा असेल तर नुसता जबड्याला लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली. गळ फार खोल गेला असेल तर ओरबाडू नका, लाईन कापा.

(मागे पाण्याकडे वळून)

अरे, थांबा. मघापासून पाणी आरशासारखं होतं म्हणून मी वर्म घेऊन बसलोय. आता बघा, त्या टोकाच्या लव्हाळ्याजवळ सुरकुत्या पडायला लागल्या. वारा बारीक मासे त्या काठाला लोटणार, आणि लाटांनी वरचा उजेड मोडणार. तिथे बसलेल्या बासला आता लुअर नीट न्याहाळता येणार नाही. हा रॉड खाली ठेवतो, तो स्पिनरबेटवाला, फिरत्या पात्याच्या लुअरचा, द्या इकडे. लाईन बांधलेली आहे ना? पांढरा? चालेल, कुठलाही चालेल. आधी लव्हाळ्याच्या अलीकडून, हातभर खोलीवर, मध्यम वेगाने...