राग खालीच का उतरतो?

श्रोतेहो, नमस्कार.

साहेबांनी झापलं की हेडक्लार्क शिपायावर खेकसतो आणि शिपाई घरी जाऊन पोरावर. वड्याचं तेल वांग्यावर काढण्याची ही रीत माकडांतही आहे. रॉबर्ट सापोल्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञांनी केनियातल्या मसाई मारा भागात बबून माकडांचा अनेक वर्षं अभ्यास केला. फुंकनळीतून भुलीचा बाण मारायचा, माकड आडवं झालं की रक्त काढायचं आणि त्यातलं ताणाचं संप्रेरक मोजायचं. मारामारीत हरलेला नर तरण्या नराच्या मागे लागतो, तो मादीवर धावून जातो, मादी पिल्लाला चावते. हे तर तिथलं रोजचंच!

आता गंमत ऐका. कोण वर, कोण खाली हे पक्कं असतं तेव्हा वरचे नर निवांत असतात, ताण खालच्यांना. ही उतरंड डळमळली की मात्र मारामाऱ्या वाढतात आणि वरच्यांच्याच रक्तात ताण चढतो.

माणसांचंही फारसं वेगळं नाही. नॅथनेल फास्ट आणि सेरेना चेन या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. हाती अधिकार आहे, पण हे काम आपल्याला झेपत नाही असं आतून वाटतंय, अशी माणसं जास्त आक्रमक निघाली. त्यांना स्वतःबद्दल जरा बरं वाटू दिलं की ती नरमत. फायली आपटणारे साहेब आठवले ना? मला तरी आठवले.

पुन्हा माकडांकडे. १९८० च्या दशकात एका कळपातले दांडगट नर पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर, दुसऱ्या कळपाशी भांडून, ताव मारायला जात. तिथल्या दूषित मांसातून क्षय झाला आणि ते मेले. मागे राहिले मवाळ नर आणि माद्या. उतरंड संपली नाही. बरोबरीचे नर भांडतच राहिले. पण दुबळ्यांना उगाच छळणं कमी झालं आणि खालच्या नरांच्या रक्तातला तो ताणही दिसेना. दहाएक वर्षांत ते जुने नरही राहिले नाहीत. बाहेरून आलेले नवे नर मात्र तसेच मवाळ वागू लागले. त्यांना कुणी शिकवताना दिसलं नाही. एवढंच दिसलं, की इथल्या माद्या नवख्या नराला इतर कळपांपेक्षा खूप लवकर जवळ करत, त्याच्या अंगावरचे केस विंचरत बसत.