उतरणीचं पाणी

(दृश्य: साताऱ्याजवळचं परळी खोरं, दुपार. सज्जनगडामागून ढग वर येतायत.)

हत्तीचा पाऊस, म्हणजे हस्त नक्षत्रातला परतीचा पाऊस, सहसा सकाळी येत नाही. सकाळी ऊन असं चटकतं की वाटावं, पावसाळा सरला. दुपारी तीनच्या सुमाराला गडामागून ढग चढायला लागतात, वारा पडतो, ओढ्यात बसलेल्या म्हशी आपण होऊन उठतात. मग गडगडाट, आणि तासाभरात कोसळायचा तेवढा कोसळून आभाळ मोकळं.

ओढ्याच्या काठावर आबांनी एक खुंटी ठोकलीय. करंजाची, हातभर लांब. चाकूनं तिच्यावर बोटा-बोटाच्या अंतरानं खाचा पाडल्यात. सत्तरी ओलांडलेले आबा पोरपणापासून इथंच गळ टाकतात. पाऊस सुरू झाला तेव्हा पाणी तिसऱ्या खाचेला होतं. आम्ही छत्रीखाली कॅमेरा धरून उभे. वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग काटक्या येतात, वाळकी पानं, फेसाचे पुंजके. पाणी अजून तेवढंच आहे, पण वरच्या अंगाला ओढा फुगलाय हे कळतं. आणि एकेक खाच बुडायला लागते. चौथी, पाचवी, सहावी. पाऊण तासात खुंटी दिसेनाशी होते.

"आता घरला चला," आबा म्हणतात. "आज मासा तोंड उघडायचा न्हाई. उद्या सकाळी या, च्याच्या आधी."

(दृश्य: वरचं पठार. जांभ्याच्या कातळावर साचलेलं पाणी.)

हाच पाऊस मृगात पडला असता तर खुंटीला फारसं कळलंही नसतं. तेव्हा जमीन उन्हाळ्यानं भेगाळलेली असते, पहिले सगळे पाऊस तीच पिऊन टाकते. हस्त लागतो सप्टेंबरच्या शेवटी. तोवर चार महिन्यांच्या पावसानं माती तुडुंब झालेली असते, आत जागाच नसते. मग पडलेलं पाणी उतारानं सुटतं ते थेट ओढ्यात. म्हणून परतीचा पाऊस मोजायला थोडा असला तरी ओढ्याला मोठा वाटतो. ओढा चढतो झपाट्यानं आणि ओसरतोही रातोरात.

मात्र तो पूर्ण कोरडा पडत नाही, याचं कारण हे पठार. कासच्या अंगाला माथ्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र. त्यात मुरलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांनी बाहेर येतं. उरमोडीला मिळणाऱ्या या ओढ्यांना दिवाळीतही धार असते ती या झऱ्यांची. परतीचा पाऊस चुकला की झरे लवकर आटतात आणि ओढ्याचे डोह सुटे सुटे होतात. मासेमाराच्या दृष्टीनं हा पाऊस दोन कामं करतो. आजचं पाणी हलवतो आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांचं पाणी साठवतो.

आपल्याकडे चढणीच्या माशांचं कौतुक फार. मृगाचे पहिले लोंढे आले की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, शेताच्या बांधापर्यंत येतात. गाव कंदील घेऊन बाहेर पडतं, टोपल्या भरतात. पण तो मासा अंडी घालायला निघालेला असतो. पोटात अंडी असलेला मासा वाटेतच धरायचा, ही चाल मला आता बघवत नाही. पूर्वी नदीत मासा इतका होता की ते खपून गेलं. आता खपत नाही.

उतरणीचा मासा वेगळा. अंडी घालून झालेली असतात, पिल्लं बोटभर झालेली असतात, आणि पाणी कमी होऊ लागलं की मोठा मासा वरच्या उथळातून खालच्या डोहांकडे सरकतो. हत्ती-चित्राचा पाऊस त्याला ही वाट उघडून देतो. मधल्या खडकाळ पट्ट्यांवर एरवी घोटाभर पाणी असतं, तिथं एका रात्रीपुरतं गुडघाभर होतं.

(दृश्य: थंड पहाडी नदी, देवदार.)

थंड मुलखांत गळानं मासेमारी करणारे बरेच जण शरदातल्या पावसाकडे डोळे लावून बसतात ते ट्राउटसाठी. ट्राउट आपल्याकडे नाही. त्याला थंड पाणी लागतं, वीस अंशांच्या वर गेलं की तो कासावीस होतो. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंच, थंड ठिकाणीच टिकला. तपकिरी ट्राउटची अंडी घालायची वेळ शरदाच्या अखेरीला येते, म्हणून हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर त्याच्या मासेमारीला बंदी असते. म्हणजे परदेशांतल्या थंड नद्यांत शरदातलं वाढलेलं पाणी माशाला वर नेतं आणि आपल्याकडे खाली आणतं. दिशा उलटी, पण ओढा वाचायची रीत तीच. पाणी चढत असताना थांबायचं आणि उतरून निवळायला लागलं की गळ टाकायचा.

आपल्या नद्यांत हा मान खडशीचा. इंग्रजी पुस्तकं तिला महाशीर म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव त्याला दिलं, खुद्री. आजही जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ तिला 'टॉर खुद्री' म्हणतात. आमच्या नदीकाठच्या कुणा भोयानं उच्चारलेला शब्द जगभरच्या ग्रंथांत जाऊन बसला, याचा मला फार अभिमान वाटतो.

(दृश्य: धरणाचा सांडवा. भोंगा वाजतो.)

धरणाच्या वर आणि धरणाच्या खाली, एकाच पावसाच्या दोन वेगळ्या नद्या होतात. वर आबांची खुंटी खरी बोलते. खाली पाण्याची पातळी आभाळ ठरवत नाही, दरवाजे ठरवतात. जुलैत धरण रिकामं असतं, ते पाणी पोटात घेतं. ऑक्टोबरात कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी काठोकाठ असली तर वर पडलेला पाऊस खाली सोडावाच लागतो. कोयनेच्या पायथा वीजगृहातूनच २१०० क्युसेक सुटतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर. म्हणजे दर सेकंदाला साठेक हजार लिटर पाणी, आणि हे दरवाजे न उघडता. म्हणून धरणाखाली गळ टाकणाऱ्यानं नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसू नये. डोक्यावर ऊन असतं आणि मागून पाणी येतं. भोंगा ऐकला की आधी काठ गाठायचा, गळ राहू दे.

कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात. परतीच्या पावसात इथं उभं राहिलं की दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात. एकीकडे धरणातून गाळ टाकून आलेलं पाणी, दुसरीकडे ओढ्या-नाल्यांचं तांबूस. दोन्ही मिसळतात त्या रेघेवर मासा हमखास असतो, हे कराडच्या कुठल्याही जुन्या गळवाल्याला विचारा.

त्याच्या खाली नदीचं रूप बदलतं. सांगलीपर्यंत बंधाऱ्यामागून बंधारे. ऑक्टोबरच्या मध्यापासून त्यांत बरगे घालायला सुरुवात होते. बरगे म्हणजे खांबांमधल्या खाचांत बसवायच्या फळ्या. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन ओळी आणि मध्ये चिखल ठासलेला, आता बहुतेक लोखंडी. बरगे बसले की पाणी तुंबतं, रब्बीला आणि उसाला मिळतं. त्याबद्दल तक्रार कशी करायची? पण त्या दिवसापासून उतरणीच्या माशाची वाट बंद. परतीचा पाऊस बरगे घालायच्या आधी झाला तर मासा खाली सरकून डोह गाठतो. उशिरा झाला तर पाणी फळ्यांवरून उसळतं, मासा मात्र भिंतीशी अडतो, आणि तिथं जाळी लावून माणसं बसलेलीच असतात. कुठे कुठे जिलेटिनच्या कांड्या, कुठे ब्लिचिंग पावडर. एका डोहातले सगळे मासे, पिल्लांसकट, एका दुपारी. हे थांबायलाच हवं.

माझ्या लेखी परतीच्या पावसाचा प्रश्न किती इंच हा नाही. तो केव्हा आला, आणि आला तेव्हा नदी मोकळी होती का, हा आहे.

१४ ऑक्टोबर २०२० ला बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा जमीन तुडवत सोलापूर-सांगलीच्या अंगावर आला. एरवी आभाळाकडे बघत बसणाऱ्या भागातले ओढे पुलांवरून गेले. द्राक्षबागा, सोयाबीन, सगळ्याचं मातेरं झालं. सांगलीत पाणी वाढलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आयर्विनला किती फूट?" १९२९ सालचा हा पूल म्हणजे अख्ख्या शहराची खुंटी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. आबांच्या खाचा बोटांच्या, सांगलीच्या फुटांच्या, पण बघायची नजर एकच.

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची पहाट. ओढा.)

सहा वाजलेत. खुंटी पुन्हा दिसतेय, पाणी पाचव्या खाचेला. वरच्या खाचांवर ओला गाळ चिकटलाय, म्हणजे पाणी उतरतंय. आबा काठावर उकिडवे बसतात आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घालतात. काल मनगटच दिसत नव्हतं.

"नखं दिसाय लागली की मासा चरायला येतो," ते म्हणतात. "पार तळ दिसला की मग त्योच आपल्याला बघतो."

नखं दिसतायत, पण अंधुक. आबा डोहाच्या तोंडाशी, जिथं वाहतं पाणी संथ पाण्याला मिळतं त्या कडेला, गांडूळ लावलेला गळ सोडतात. दोरीला बांधलेली मोराच्या पिसाची तरंगती दांडी उभी राहते, वाहत येते, थबकते. एकदा हलकेच दबते आणि गपकन खाली जाते.

हातभर ओढाताण, आणि बाहेर येते वीतभर खडस. पाठ हिरवट, कुशीवर सोनेरी खवले, ओठाशी मिशांच्या दोन जोड्या. आबा ओल्या हातानं तिला धरतात, गळ सोडवतात आणि तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरून ठेवतात. ती दोन-तीनदा कल्ले हलवते आणि निसटते.

"ल्हान हाय," ते म्हणतात.

चौथी खाच वर आलीय. अजून तासभर पाणी असंच राहील, मग ऊन चढेल. आबांनी दुसरं गांडूळ लावलंय.